रेघ कांद्याची नव्हे

आमच्या सरांना कुणी काहीही सांगितलं की ते एकच विचारायचे, "बघितलंस की ऐकलंस?" वर्गात विचारायचे ते एक वेळ समजू शकतं. पण हा माणूस बाजारात, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच विचारायचा. एकदा ते शिंप्याच्या दुकानात बसलेले असताना कुणीतरी येऊन सांगितलं की वरच्या आळीतले म्हातारबा गेले. सर पटकन म्हणाले, "बघितलंत की ऐकलंत?" सांगणारा नेमका म्हाताऱ्याचा सख्खा पुतण्या. तो असा अंगावर धावून आला की शिंपी कात्री टाकून मध्ये पडला म्हणून बरं, नाहीतर चाकणच्या शाळेतला शास्त्राचा तास त्या दिवशीच कायमचा संपला असता. संध्याकाळी सर मयतीला गेले, खांदा दिला, शेवटपर्यंत थांबले. पण पुतण्याची माफी काही मागितली नाही. सरांना माफी मागताच यायची नाही. हे पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

चाकण म्हटलं की आता लोकांना कंपन्या आठवतात, शिफ्ट सुटल्यावरच्या बसगाड्यांच्या रांगा आठवतात. मी सांगतेय ते चाकण कांद्याचं. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या इतक्या यायच्या की शाळेत जायला आम्हाला बैलांच्या शिंगांमधून वाट काढावी लागायची. आमची वाडी तिथून दोन मैलांवर. शाळा म्हणजे पत्र्याची एक लांबलचक इमारत, आणि तिच्या टोकाच्या खोलीवर सरांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली होती, 'प्रयोगशाळा'. आत दोन टेबलं, स्पिरिटचा एक दिवा, थोड्या काचनळ्या आणि खिडकीत एका बरणीत एक बेडूक.

त्या बेडकावरून पोरांनी सरांचं नाव बेडूकमास्तर पाडलं होतं. खरं म्हणजे या माणसानं उभ्या जन्मात एकही बेडूक कापला नाही. एका मुलानं विचारलंही, सर, पुण्याच्या कॉलेजात म्हणे बेडूक फाडतात, आपण कधी फाडायचा? सर म्हणाले, याचा गळा हलतोय तो मिनिटाला किती वेळा हलतो ते आधी मोजा, सकाळी मोजा, दुपारी मोजा, मग फाडायचं बघू. आम्ही महिनाभर मोजत बसलो. महिना झाल्यावर सरांनी बेडूक बरणीतून काढला आणि दीड मैल चालत जाऊन ज्या विहिरीतून आणला होता तिथंच नेऊन सोडला. दुसऱ्या दिवशी बरणीत नवा बेडूक. पोरं वैतागली, पण बेडकाचा गळा उन्हात जास्त का हलतो हे मला आजही झोपेतून उठवून विचारा.

सर मूळचे कोकणातले. एकटेच. कांद्याच्या एका वखारीवर माडीची खोली घेऊन राहायचे आणि स्वतः कांदा खायचे नाहीत. काहीतरी व्रत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. शेवटी एकीनं धीर करून विचारलं, तर म्हणाले, पोटात दुखतं. बारा महिने अंगात एकच काळा कोट, आणि त्या कोटाच्या खिशात काय असेल याचा नेम नाही. एकदा प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटून उभे असताना त्यांच्या बाहीतून एक हिरवा भुंगेरा बाहेर आला आणि शांतपणे हेडमास्तरांच्या टोपीवर जाऊन बसला. डोळे मिटलेले असताना मला हे कसं दिसलं, असं विचाराल तर सरांनीही तेच विचारलं होतं. पण रागावले नाहीत.

एकदा त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं भाकरीचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालायचा आणि आठवड्यानं शाळेत आणायचा. गावातल्या आयाबायांनी आकाशपाताळ एक केलं. आमच्या घरात शिळंपाकं खातात हे चव्हाट्यावर मांडायचंय का तुमच्या मास्तरला, असं माझ्या आईनं मलाच सुनावलं. मी डबा कडब्यात लपवून ठेवला. आठवड्यानं टेबलावर अकरा डबे उघडले तेव्हा वास असा सुटला की शेजारचा इतिहासाचा वर्ग पटांगणात हलवावा लागला. कुठं हिरवी बुरशी, कुठं काळी, माझ्या तुकड्यावर तर पांढरी लव आली होती मऊमऊ. सर एकेका डब्यात नाक घालून हरखून बघत होते. म्हणाले, पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहतोय, तिथं असल्याच एका बुरशीपासून औषध काढणार आहेत. तिथली माणसं बुरशी पाळतील, आपण कोंबड्या पाळतो तशी. वर्ग खो खो हसला. मीही हसले.

शाळेत शास्त्र घेणाऱ्या आम्ही अकरा जणांत दोनच मुली, आणि त्यात मी कशी आले ते आता सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

सरांचा जीव की प्राण म्हणजे शाळेचा सूक्ष्मदर्शक. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजानं मोडीत काढलेला, गावानं वर्गणी करून आणलेला, अख्खा पितळी. लाकडी पेटीत स्वतःच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. लोक त्याला दुर्बीण म्हणायचे. एका रविवारी सर तो घेऊन आमच्या वाडीत आले, मारुतीच्या पारावर उन्हात मांडला आणि आमच्याच विहिरीच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवून सगळ्यांना डोळा लावायला सांगितलं. वळवळ, वळवळ. बायकांनी तोंडाला पदर लावले. सर पाणी उकळून पिण्याचं सांगायला लागले, तेवढ्यात माझे वडील, आमचे आबा, सावकाश म्हणाले, "मास्तर, हे किडं आमच्या पान्यातलं कशावरनं? तुमच्या दुर्बिणीतच नसतील कशावरनं?"

सगळी वाडी हसली. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढं होऊन आबांचा हात धरला आणि म्हणाले की वर्षभर शिकवतोय, एकाही पोराला हा प्रश्न पडला नाही. मग उकळलेलं पाणी दाखवलं, त्यात काही हलत नव्हतं. आबा म्हणाले, म्हणजे उकळलेल्या पाण्यानं दुर्बिणीतलं किडं मेलं असतील. सरांनी यंत्र पुन्हा पेटीत गुंडाळून ठेवलं. त्या दिवसापासून दर रविवारी ते आमच्या ओट्यावर यायचे आणि दोघं तासन्‌तास वाद घालायचे. आबा सही करण्यापुरतं शिकलेले, पण वादात कुणाला हार जायचे नाहीत. असाच कधीतरी सरांनी माझा विषय काढला. आबांनी दोन रविवार विचार केला आणि माझी शाळा पुढं चालू ठेवली.

पण अट घातली. शेवटच्या वर्षाला शास्त्र हा विषय घ्यायचा तर शाळेला वरून परवानगी लागायची आणि आमच्या शाळेला ती अजून मिळायची होती. दिवाळीनंतर पुण्याहून इन्स्पेक्टरसाहेब प्रयोगशाळा तपासायला येणार होते. परवानगी नाही मिळाली तर मुलं खेडला नाहीतर पुण्याला जातील, खोल्या करून राहतील. मला कोण पाठवणार? माझ्यासाठी चऱ्होलीचं एक स्थळ आधीच येऊन बसलं होतं. मुलगा वाईट नव्हता, जमीन होती, घर खाऊनपिऊन सुखी. आबांनी मला समोर बसवून सांगितलं, "हितं शास्त्र मिळालं तर शीक, म्या आडवं येनार न्हाई. न्हाई मिळालं तर माघात लगीन." आबा शब्दाला पक्के, दोन्ही बाजूंनी. तेव्हा मी देवाला नवस बोलले नाही एवढंच, बाकी सगळी भिस्त त्या पितळी यंत्रावर.

सरांनी आम्हाला त्यातून पहिल्यांदा दाखवला तो कांदाच. चाकणात कांदा विकायला, साठवायला, चिरायला घेणारे ढीगभर होते, नुसता बघायला घेणारा हा पहिलाच. आतला पातळ पापुद्रा चिमट्यानं सोलून काढायचा, पाण्याचा थेंब, आयोडीनचा थेंब, वरून पातळ काच. मी डोळा लावला आणि मला वाफे दिसले. खोटं नाही सांगत, आमच्या रानात कांद्याचे वाफे असतात तसेच, बांधाला बांध लागून, आणि प्रत्येक वाफ्यात एक पिवळा ठिपका. कांद्याच्या पोटातही वाफेच असतात हे बघून मला इतका आनंद झाला की मी बाकीच्यांना जागाच सोडेना. शेवटी एकानं वेणी ओढली.

बघितलं ते जर्नलमध्ये काढायचं, आणि खाली शेवटची ओळ सक्तीची, 'काय चुकलं'. ज्याचं काहीच चुकलं नाही त्याचं जर्नल परत यायचं. मग मुलं चुका शोधून शोधून लिहायची, थेंब जास्त झाला, काच फुटली, शिंक आली. शिंक खरंच आली होती का, हेही सर विचारायचे.

आता ते दसऱ्याचं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. घरी नांगर, विळा, कोयता धुऊन पुसून मांडायचे, आणि देवघरातले पितळी देव, समया, तांब्या हे उजळायचं काम माझं. चिंच आणि राख घेऊन बसायचं आणि पितळात तोंड दिसेपर्यंत घासायचं. त्या कामात माझा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. त्या वर्षी हेडमास्तरांनी ठरवलं की शाळेचीही हत्यारं पुजायची. कुदळ, घंटा, तराजू आणि सूक्ष्मदर्शक. सर दोन दिवस पुण्याला रसायनं आणायला गेले होते. हेडमास्तर मला म्हणाले, जरा ते पुसून ठेव गं. पुसून, एवढंच म्हणाले हो. पण मी बघितलं तर पितळ काळवंडलेलं. माझ्या मनात आलं, आपलं सगळं याच्यावर आहे, आणि हा असा मळका पुजायला ठेवायचा?

विहिरीवर नेऊन मी तो घासला. नळी सुटी केली, वरची डोळ्याची काच काढली, सगळं सगळं चिंचेनं आणि राखेनं. काचेवर बोटांचे डाग होते, तर तिथं जरा जास्तच. तासाभरात तो असा झळकला की उन्हात बघवेना. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. हेडमास्तर खूश. मी तर हवेत.

सर परत आले ते मी दारातच उभी होते. कौतुक करून घ्यायला. त्यांनी माळ काढली, काच उचलून उजेडात धरली, तिरपी करून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे बघून म्हणाले, "घासताना हे हात मोडले कसे नाहीत तुझे?"

आईनं मला याहून वाईट शिव्या दिल्या होत्या. त्यांचं काही वाटलं नव्हतं. हे लागलं. चालत घरी येताना मी हात पदराखाली घेतले होते, लोकांना दिसू नयेत म्हणून. वर ते स्थळ डोळ्यापुढं. सर दोन दिवस शाळेत आले नाहीत. वखारवाला सांगत होता की खोलीत दिवसभर खिडकीशी बसून आहेत, जेवलेसुद्धा नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले. कांद्याचा पापुद्रा लावला आणि एकेकाला बोलावलं. वाफे होते तसेच होते, सुदैवानं खालच्या काचेला धक्का लागला नव्हता. पण सगळ्या वाफ्यांवरून एक जाड तिरपी रेघ गेली होती. सरांनी विचारलं, ही रेघ कांद्यात आहे का? ते म्हणाले, काचपट्टी सरकवा. सरकवली तर वाफे सरकले, रेघ जागची हलली नाही. म्हणाले, आता वरची काच गोल फिरवा. फिरवली तर वाफे तसेच राहिले आणि रेघ फिरली. एकेकानं फिरवून पाहिलं. माझी पाळी आली तेव्हा सर दुसरीकडे बघत होते. मग ते वर्गाला म्हणाले की गेल्या वर्षी एका शेतकऱ्यानं मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. बघतो ते समोरचं आहे की आपल्याच यंत्रातलं आहे, हे ओळखायचं असं. आणि सगळ्यांनी रेघ काढायची. दिसते ना, मग काढायची, फक्त तिला नाव द्यायचं. फळ्यावर त्यांनी नावही लिहून दिलं, 'रेघ, कांद्याची नव्हे, काचेची.'

त्याच रविवारी ते पेटी घेऊन आबांकडे आले. आबांनी विहिरीच्या पाण्यात डोळा लावला, काच फिरवली, पुन्हा फिरवली. "रेघ फिरतीया, किडं न्हाई फिरत," म्हणाले. "म्हंजी किडं पान्यातलंच." मग त्यांनी आईला पाणी उकळायला सांगितलं. रेघ कुणी पाडली ते सरांनी सांगितलं नाही. मीच सांगितलं. आबा नुसतं हं म्हणाले, पण चऱ्होलीकरांना नको म्हणून निरोप काही गेला नाही.

साहेब यायच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी सगळी जर्नल्स पाहिली आणि डोक्याला हात लावला. त्यांचं म्हणणं, असली रेघोट्या मारलेली चित्रं साहेबांपुढं ठेवायची? पुस्तकातलं चित्र समोर ठेवा आणि सगळ्यांकडून नवीन काढून घ्या, स्वच्छ. सर नाही म्हणाले. हेडमास्तरांचा आवाज चढला, सरांचा चढला नाही, पण ते नाहीच म्हणत राहिले. जाताना हेडमास्तर माझ्यापाशी थांबून म्हणाले की शास्त्र गेलं तर ते तुझ्या हातानं गेलं, हे लक्षात ठेव.

शाळा सुटल्यावर मी मागं राहिले. जर्नल्सचा गठ्ठा टेबलावर होता. मी माझं काढलं आणि रबरानं रेघ खोडायला लागले. माझी खोडून झाली की बाकी दहांची खोडायची, असं ठरवलंच होतं. अर्धी खोडून झाली असेल, तर दारात सर. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी ऐकायला मिळणार. ते म्हणाले, "खोड हवं तर. तुझं जर्नल आहे. पण उद्या साहेबांनी डोळा लावायला सांगून काय दिसतं विचारलं, तर काय सांगशील?" आणि निघून गेले. मी रेघ पुन्हा काढली. खोडल्याचा डाग राहिला तो राहिलाच.

साहेब आले ते कडक इस्त्रीचे कपडे, हातात कातडी बॅग, बोलणं अगदी मोजकं. आम्ही अकरा जण भिंतीला टेकून उभे. त्यांनी एक जर्नल उघडलं, दुसरं उघडलं, मग सगळी टेबलावर ओळीनं मांडली, कांद्याचंच पान उघडून. कपाळाला आठ्या. वाफे सगळ्यांचे सारखेच, पण रेघ कुणाची उभी, कुणाची आडवी, कुणाची या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. हे काय आहे, त्यांनी विचारलं. हेडमास्तर चाचरत काहीतरी सांगायला लागले, तर त्यांना हातानंच थांबवून साहेब आमच्याकडे वळले. सर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्याकडून काही मदत येणार नाही हे मला कळलं, आणि माझे पाय आपोआप पुढं झाले.

मी म्हणाले, "रेघ कांद्याची नाही साहेब. काचेची आहे. मी घासली."

मग काचपट्टी सरकवून दाखवली, काच फिरवून दाखवली. पापुद्राही न फाटता लावला होता. साहेबांनी स्वतः डोळा लावला. काच फिरवली. पुन्हा फिरवली. इस्त्रीच्या कपड्यातला तो एवढा मोठा माणूस पाच मिनिटं नुसती काच फिरवत होता. नंतर माझं जर्नल उचलून त्यांनी शेवटची ओळ वाचली, 'काय चुकलं : मी सूक्ष्मदर्शक चिंच आणि राखेनं घासला.' खोडल्याच्या डागावर त्यांचं बोट थांबलं. मी मान खाली घातली.

ते हेडमास्तरांना म्हणाले, "मी शाळा तपासत फिरतो. सगळीकडे कांदा हाच, आणि तोही पुस्तकातला. दहा मुलांची दहा चित्रं एका छापाची, डोळा कुणीच लावलेला नसतो. इथं अकरा रेघा अकरा बाजूंना आहेत. म्हणजे अकराही जणांनी बघितलंय."

सर खिडकीपासून वळले आणि म्हणाले, "तुम्हीही बघितलंत ना?" मोठ्या माणसाशी असं बोलतात का? हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. पण साहेब हसले आणि म्हणाले, बघितलं.

संक्रांतीच्या आधी परवानगीचा कागद आला. आबांनी तो सरांकडून वाचून घेतला, वर दुसऱ्या एकाकडूनही वाचून घेतला, आणि त्याच दिवशी चऱ्होलीला निरोप धाडला. माघात लग्न झालं ते दुसऱ्या कुणाचं. मी मात्र त्या माघात बेडकाचा गळा मोजत होते.

पुढं मी पुण्याला मावशीकडे राहून शिकले आणि, हसू नका, पिंपरीच्या त्या औषधाच्या कारखान्यातच प्रयोगशाळेत लागले. बुरशी पाळायला. एवढ्या वर्षांत सरांचं ते हात मोडण्याचं बोलणं मी विसरले नव्हते. आमच्यात पुन्हा तो विषय कधी निघाला नाही. त्यांनी मला पुढंही तितक्याच प्रेमानं शिकवलं, परीक्षेच्या वेळी स्वतः सोडायला आले, पण ते वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये होतं. मी ते मनात धरून होते, आणि धरून आहे याचा मला रागही यायचा.

नोकरीत रुळल्यावर पुण्यातल्या एका दुकानात मला त्याच मापाची डोळ्याची काच मिळाली, नवीकोरी. मी ती घेतली आणि चाकणला गेले. वखारीवरची तीच खोली, खिडकीत बरणी, तोच कोट नाहीतर त्याचा धाकटा भाऊ. सर पिकले होते. काच त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी ती उजेडात धरून तिरपी करून पाहिली, अगदी तशीच. छान आहे म्हणाले. मग कागदात होती तशी गुंडाळली आणि मला परत दिली.

मी म्हणाले, सर, ती जुनी काच आता तरी काढून टाका. ते म्हणाले, "आणि मग पोरं खरंच बघतात की एकमेकांचं उतरवतात, ते मला कळायचं कसं?"

दरवर्षी नव्या मुलांना ती रेघ काढायला लावत होते म्हणे. फळ्यावर नावही तेच लिहून द्यायचे. मला हसू आलं, आणि रागही आला. माझी चूक त्यांनी अख्ख्या तालुक्याच्या जर्नलांत काढून ठेवली होती.

मी निघाले तसे ते म्हणाले, "हात बघू."

मी पुढं केले. आमच्या कामात जंतूंना रंग द्यावा लागतो, जांभळा, तो बोटांवरून आठवडाभर जात नाही. सरांनी माझे हात खिडकीशी नेले, उलटे केले, सुलटे केले, एकेक जांभळं बोट नीट पाहिलं.

"त्या दिवशी बोललो ते लागलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "लागलं होतं, सर."

त्यांनी मान हलवली. हात सोडले नाहीत. मग म्हणाले, "मोडले नाहीत. बरं झालं."

एवढंच. माफी मागताच यायची नाही त्यांना, मी आधीच सांगितलंय.

मी जिना उतरले, स्टँडवर आले. बाजाराचा दिवस, गाड्यांची ही गर्दी, आणि भर दुपारी तिथं उभ्या उभ्या मला रडू फुटलं. आवरेचना. कांद्याची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, काय झालं गं बाई? मी नाक पुसलं आणि म्हणाले, काही नाही आजी, कांदे झोंबले.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, आपण खोटं बोललो. कांद्याचं त्यात काहीच नव्हतं.